पेपरात डोकं कोरं पडतं, तेव्हा टायरोसिनची कॅप्सूल घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातला चोवीस वर्षांचा मुलगा, वजन ६२ किलो, सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. दोन वेळचा डबा मेसचा. सराव पेपर सोडवताना डोकं कोरं पडतं. जिममधल्या मित्राने टायरोसिनच्या कॅप्सूल आणि बीसीएए नावाची, स्नायूंसाठी विकली जाणारी पावडर सुचवली आहे. त्याने विचारलंय, "ताई, हे घेतल्यावर ताणात डोकं चालेल का, की नुसतेच पैसे जातील?"

ताई म्हणालास, म्हणून अरेतुरेच करते. बावीस वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आधी मिरजेच्या एका रुग्णालयात आणि आता सांगलीत स्वतःच्या खोलीत. गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेहाच्या पेशंटच्या खालोखाल तुझ्यासारखी अभ्यासिकेतली मुलंमुली आहेत. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी सगळं वाच.

सांगण्याआधी तुझ्याकडून एक गोष्ट हवी होती आणि तीच तू लिहिली नाहीस. डोकं कोरं पडतं ते नेमकं कधी? पेपर हातात पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, की दीड तास उलटून गेल्यावर? दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, पण मेंदूत चाललेलं असतं ते जवळजवळ उलटं. पहिल्यात छाती धडधडते, तळहात ओले होतात, काल पाठ केलेलं कलम ओठांवर येतं आणि निसटतं. दुसऱ्यात धडधड वगैरे काही नसते, नुसतं रिकामं वाटतं. एकच ओळ चारदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. तुझ्या मित्राने सुचवलेल्या कॅप्सूलचा संबंध आला तर फक्त दुसऱ्याशी येतो. पहिल्यात तिचा उपयोग नाही, आणि ती कॉफीसोबत घेतलीस तर त्रासच वाढेल.

आता कारण. टायरोसिन हे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यातला एक मणी. मेंदू त्यापासून आधी डोपामिन आणि मग नॉरॲड्रेनलिन तयार करतो. समोरच्या आकड्यांवर लक्ष ठेवणं, मधली बेरीज मनात धरून पुढची करणं, चुकीचा पर्याय वेळेत सोडून देणं ही कामं कपाळामागचा मेंदू करतो, आणि त्याला ही दोन्ही रसायनं लागतात. मात्र ती बेताने लागतात. कमी पडली तर माणूस सुस्त होतो, फार झाली तर गडबडतो. ताण आणि कामगिरीचा आलेख चढून पुन्हा उतरतो, ही गोष्ट यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच उंदरांवर दाखवली होती. पहिल्या दहा मिनिटांत कोरा पडणारा मुलगा या उताराच्या बाजूला असतो. त्याच्या मेंदूत नॉरॲड्रेनलिनचा पूर आलेला असतो. तिथे आणखी कच्चा माल ओतून काय साधणार?

दुसऱ्या प्रकाराचं समजायला आपल्या साखर कारखान्याकडे बघ. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. हंगाम नसताना आवारात उसाच्या शंभर गाड्या आणून उभ्या केल्या तरी एक पोतं साखर जास्त निघत नाही. पण ऐन हंगामात कारखाना पूर्ण क्षमतेने चालू असताना गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, रिकामी पडली, तर चरक थांबतो. मेंदूत टायरोसिनवर पहिली प्रक्रिया करणारं एक विकर (एन्झाइम) आहे, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. साध्या दिवशी ते आपल्या ठरल्या गतीने चालतं, वरून माल वाढवला तरी गती वाढत नाही, उलट तयार मालच त्याला आवरून धरतो. मात्र थंडी, जागरण, गोंगाट, सतत एकाच वेळी चार कामं अशा ताणात नॉरॲड्रेनलिनच्या पेशी तासन्‌तास जोरात चालतात, विकराचा वेग वाढतो, आणि तेव्हा माल कमी पडू शकतो. टायरोसिन उपयोगी पडतं ते याच वेळी. ते डोकं नेहमीपेक्षा हुशार करत नाही. ताणाने जी घसरण होते, ती थोडी रोखतं. बाटलीवरच्या जाहिरातीत आणि संशोधनात जो फरक आहे, तो एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

ही प्रक्रिया मी ऑगस्ट २०१९ च्या पुरात डोळ्यांनी पाहिली, असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते, कारण तिथे कोणी रक्त तपासलं नव्हतं. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं आणि आम्ही एका शाळेतल्या छावणीत मधुमेह-रक्तदाबाच्या लोकांच्या औषधांच्या याद्या करत होतो. तिसऱ्या रात्री माझ्यासोबतची मुलगी, एरवी अत्यंत चोख, एकाच आजींचं नाव तीन ओळींत तीनदा लिहीत होती. तिला ते दिसतच नव्हतं. तीन दिवसांत तिच्या पोटात चहा, बिस्किटं आणि वाटपातला भात एवढंच गेलं होतं, आणि झोप सगळी मिळून सहा-सात तास. पहाटे कुणीतरी पातेलंभर मटकीची उसळ आणली. ती दोन वाट्या खाऊन पाच तास झोपली, आणि उठल्यावर आदल्या रात्रीची यादी तिनेच दुरुस्त केली. श्रेय उसळीला किती आणि झोपेला किती, हे मी सांगू शकत नाही. झोपेला जास्त, असंच मानते.

संशोधन काय म्हणतं ते आता नीट सांगते, कारण तुझ्या मित्राने ऐकलंय ते पूर्ण खोटं नाही. अमेरिकी लष्कराच्या नेटिक इथल्या संशोधन संस्थेत बँडेरेट आणि लीबरमन यांनी १९८९ साली जवानांना थंडीत आणि ४,००० मीटरच्या वरच्या उंचीवर असते तशा विरळ हवेत तासन्‌तास बसवलं. टायरोसिन घेतलेल्यांची डोकेदुखी, मरगळ आणि चुका कमी झाल्या. १९९५ साली रात्रभर जागलेल्या लोकांवर प्रयोग झाला. तिथे कामगिरीची घसरण सुमारे तीन तास रोखली गेली. १९९९ साली नेदरलँड्समध्ये २१ कॅडेट आठवडाभराच्या खडतर प्रशिक्षणात होते. त्यांतल्या दहा जणांना दिवसातून पाच वेळा २ ग्रॅम टायरोसिन असलेलं प्रथिनयुक्त पेय दिलं आणि अकरा जणांना तेवढ्याच उष्मांकांचं पिठूळ-गोड पेय दिलं. आठवड्याच्या शेवटी पहिल्या गटाची स्मृती सरस निघाली आणि वरचा रक्तदाब कमी भरला. मनःस्थितीत मात्र फरक दिसला नाही.

आता त्यातली मात्रा बघ. बहुतेक प्रयोगांत किलोला १०० ते १५० मिलिग्रॅम दिलेलं आहे. तुझ्या ६२ किलोला ते ६ ते ९ ग्रॅम होतं. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका वेळी बारा ते अठरा. मित्र सकाळी एक, संध्याकाळी एक घ्यायला सांगतोय. तेवढं टायरोसिन तीन पेले दुधात असतं. काही प्रयोगांत २ ग्रॅमनेही थोडा फरक दिसला आहे, पण सरसकट नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं हेही खरं नाही. वयस्कर लोकांना वाढती मात्रा दिली तेव्हा त्यांची कामापुरती स्मृती सुधारायच्या ऐवजी खालावली होती. आणखी एक गोष्ट लक्षात घे. प्रयोगातले लोक गारठलेले होते, रात्रभर जागलेले होते. तू सहा-सात तास झोपून पंख्याखाली बाकावर बसणार आहेस. तिथे त्या कॅप्सूलकडून फारशी अपेक्षा मी करणार नाही.

बीसीएएबद्दल तर माझं स्पष्ट मत आहे. अभ्यासासाठी ती पावडर घेऊ नकोस. रक्तातून मेंदूत जायला या मोठ्या अमिनो आम्लांना एकच वाहक आहे. सणाच्या आदल्या दिवशी सांगली स्टँडवर एसटी लागते तेव्हा काय होतं, आठव. दार एकच, आणि रुमाल टाकायला सगळे धावतात. टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, फेनिलॲलनिन आणि बीसीएएतली ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तिन्ही त्याच दाराशी. तू वरून पाच-दहा ग्रॅम बीसीएए घेतलीस की ही तीन दांडगी मंडळी दार अडवतात आणि टायरोसिन-ट्रिप्टोफॅन खाली राहतात. म्हणजे मित्राने सांगितलेल्या दोन वस्तू एकत्र घेतल्या, तर दुसरी पहिलीला मागे खेचणार. स्नायूंसाठी तिचा उपयोग किती, हा वेगळा विषय आहे. पण डाळ-दुधातून ती तिन्ही पुरेशी मिळतात.

या एकाच दाराची गोष्ट एमआयटीतल्या फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७०च्या दशकात उलगडली, आणि त्यातून ट्रिप्टोफॅनचा सगळा गाजावाजा सुरू झाला. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं. मन शांत राहण्याशी आणि झोपेशी त्याचा संबंध आहे. निव्वळ पिठूळ किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, ते दांडग्या मंडळींना स्नायूंकडे घेऊन जातं आणि ट्रिप्टोफॅनला जागा मोकळी होते. यावरून 'रात्री भात खा, मन शांत होईल' असे सल्ले निघाले. पण जेवणात थोडंसं जरी प्रथिन असलं तरी हा परिणाम जवळजवळ पुसला जातो, आणि आपल्या आमटी-भातात ते असतंच. 'केळ्यात सेरोटोनिन असतं' हेही तू कुठेतरी वाचलं असशील. असतं, पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जातच नाही. केळं जरूर खा, ते केळं म्हणून चांगलं आहे.

ट्रिप्टोफॅनचा एक प्रयोग मात्र मला मनापासून आवडतो. नेदरलँड्समध्ये मार्कस आणि सहकाऱ्यांनी २००० साली दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं (व्हे) अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे ट्रिप्टोफॅनने भरलेलं प्रथिन तरुणांना दिलं आणि मग त्यांना ताणाची गणितं घातली. जे मुळात ताणाला हळवे होते, त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी वाढलं आणि मनही कमी खचलं. जे हळवे नव्हते, त्यांच्यात काही फरक पडला नाही. म्हणजे एकच घास सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. हे ऐकून व्हे प्रोटीनचा डबा आणायला धावू नकोस. बाजारातल्या व्हेत हे प्रथिन थोडं आणि ल्युसिन भरपूर असतं.

आता तुझ्या ताटाकडे येते. मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

मागे अशाच एका मुलीला मी सांगितलं, उद्या मेसचा डबा न उघडता तसाच घेऊन ये. तिने टेबलावर डबा ठेवला. तीन पोळ्या, कोबीची भाजी, भाताची एक मूद आणि आमटी. आमटी मी चहाच्या गाळणीतून गाळली. वर वाटीभर पिवळं, फोडणीचा वास असलेलं पाणी राहिलं आणि गाळणीत मोहरी, कढीपत्ता आणि दोन चमचे शिजलेली तूरडाळ. वजन काट्यावर ३० ग्रॅमही भरलं नाही. त्यात प्रथिन जेमतेम २ ग्रॅम. ती मुलगी गाळणीकडे बघतच राहिली. वर्षभर ती घरी सांगत होती, 'रोज डाळ मिळते.'

तुझाही डबा तसाच असणार, असं धरून हिशोब मांडते. सहा पोळ्या, दोन वेळचा भात, आमटी, भाजी, तीन चहातलं दूध आणि सकाळचं भडंग धरून तुला दिवसाला ४०-४५ ग्रॅम प्रथिनं मिळत असावीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला सुमारे ५१ ग्रॅम हवीत. तूट आहे, पण भयंकर नाही. पुढचं जास्त महत्त्वाचं. त्या ताटात टायरोसिन आणि त्याचा भाऊ फेनिलॲलनिन मिळून तुझ्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट आहेत. ट्रिप्टोफॅनही पुरेसं आहे. जे पैसे देऊन विकत घ्यायला निघालायस, ते तुझ्या ताटात आधीच आहे! कमी आहे ते वेगळंच अमिनो आम्ल, लायसिन. तुला दिवसाला सुमारे १,८६० मिलिग्रॅम लागतं, आणि पचनातली वजावट धरली तर तुझ्या ताटातून १,४०० ते १,५०० च्या आसपास मिळतं. गहू, तांदूळ, ज्वारी सगळ्यांतच ते थोडं. डाळी, कडधान्यं आणि दूध-दही यांत भरपूर.

लायसिनचा मनाशी काय संबंध, असं विचारशील. वायव्य सीरियातल्या गरीब, मुख्यतः गव्हावर जगणाऱ्या कुटुंबांना लायसिन मिसळलेलं पीठ तीन महिने दिलं होतं. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. पुरुषांमधली चिंता कमी झाली आणि स्त्रियांमध्ये ताणाला शरीर जो प्रतिसाद देतं तो सौम्य झाला. ही मंडळी लायसिनच्या तुटीत होती म्हणून फरक दिसला. ज्यांच्या ताटात डाळ-दूध भरपूर आहे, त्यांनी वेगळं लायसिन घेऊन काही मिळणार नाही. तुझं ताट मात्र सीरियातल्या ताटाच्या जवळ जातं.

ज्वारीचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या भागाची आहे. जत-आटपाडीकडे शाळूच्या भाकरीवर पिढ्या वाढल्या. पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झालेल्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं, की ज्वारीत ल्युसिन जास्त असल्याने ट्रिप्टोफॅनपासून नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) बनण्यात अडथळा येतो आणि नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो. त्यात कातडी काळवंडते, जुलाब लागतात आणि मन बिघडतं. चिडचिड, खिन्नता, विसरभोळेपणा, शेवटी भ्रम. ल्युसिनच्या भूमिकेवर पुढे वाद झाले, पण पेलाग्रात मन बिघडतं याबद्दल वाद नाही. यावरून ज्वारी वाईट असं समजू नकोस. आपल्या बायकांनी भाकरीसोबत पिठलं, मटकीची उसळ, ताक ठेवलं आणि ज्वारीची सगळी उणीव भरून काढली. एक सूचना मात्र देते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर भागवू नकोस. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर आहेत, पण लायसिन त्यातही कमीच. बेसन किंवा कडधान्य लागतंच.

दुसरी गोष्ट लोहाची. तुझ्या अभ्यासिकेतल्या मुलींनाही हे वाचायला दे. टायरोसिनपासून डोपामिन आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवणाऱ्या दोन्ही विकरांना लोह लागतं. उसाचा ढीग पडलाय आणि चरकच गंजलाय, अशी गत होते. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे. वर सांगितलेल्या डबेवाल्या मुलीचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी जेवणाबरोबरचा चहा बंद करून तासाभराने करायला लावला, कारण चहा अन्नातलं लोह अडवतो, आणि उसळीवर लिंबू पिळायला सांगितलं. तिसऱ्या महिन्यात तिने आपणहून सांगितलं, 'मॅडम, आता दुपारच्या पेपरला झोप येत नाही.' तिने तोपर्यंत स्मरणशक्तीच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या संपवल्या होत्या. मुलग्यांत रक्तक्षय कमी आढळतो, पण तुझ्यासारख्या शाकाहारी मुलाने बी-१२ तपासलंच पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती पसरली आहे, ते पुढे आलं आहे. डोकं जड वाटणं, विसरणं, हातापायांना मुंग्या येणं हे त्यातून होऊ शकतं, आणि ते टायरोसिनने जाणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. तू लिहिलंयस, सकाळी चहा आणि भडंग, मग थेट दीड वाजता डबा. रात्री नऊला जेवलास तर साडेसोळा तासांत तुझ्या पोटात प्रथिन गेलं तीन-चार ग्रॅम, आणि सराव पेपर तू नेमका अकरा ते एक सोडवतोस. भडंग मलाही प्रिय आहे, पण ते संध्याकाळी खायचं. सकाळी १५ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जाऊ देत. कॉट बेसिसवर गॅस नाही, हे मला माहीत आहे. रात्री स्टीलच्या डब्यात हरभरे किंवा मटकी भिजत घाल, सकाळी त्यावर कांदा, लिंबू, मीठ. कच्चे हरभरे सोसत नसतील तर ५० ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर दूध. त्या फुटाण्यांतच १० ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि तुझी लायसिनची तूट तेवढ्याने जवळजवळ भरून निघते. दूध आवडत नसेल तर वाटीभर दही. मेसच्या काकूंना सांग, रोज एका वेळी आमटीऐवजी उसळ द्या. चार-पाच मुलांनी मिळून सांगितलं तर ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

चहाबद्दल थोडक्यात. चहात थिॲनिन नावाचं वेगळंच अमिनो आम्ल असतं, ते कॅफिनच्या धडधडीला मऊ करतं असं प्रयोगांत दिसतं, पण तिथे १०० ते २०० मिलिग्रॅम वापरतात आणि कपात असतं २० च्या आसपास. पेपराआधी रोजच्याएवढा एक कप पी, त्याहून जास्त नको.

कॅप्सूलबद्दल शेवटी थोडं, कारण माझं सगळं वाचूनही तू कदाचित घेशील. थायरॉईडची गोळी चालू असेल, अर्धशिशी असेल, रक्तदाब असेल किंवा मनाच्या आजारावर औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टायरोसिन घ्यायचं नाही. नैराश्याच्या औषधांसोबत ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधला टप्पा, तोही गोळीत मिळतो) तर अजिबात नाही. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून जीवावर बेतू शकतं. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांमुळे दीड हजारांहून जास्त लोक स्नायूंच्या भयंकर दुखण्याने आजारी पडले आणि तिसाहून अधिक दगावले. दोष एकाच कारखान्यातल्या दूषित मालाशी जोडला गेला. अन्नातलं अमिनो आम्ल आणि डब्यातलं अमिनो आम्ल यांत हा एक फरक कायम राहतो, डब्यात आणखी काय आलंय ते तुला दिसत नाही. प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत टायरोसिनसोबत दोन-तीन कप कॉफीएवढं कॅफिनही असतं. पोलीस भरतीच्या १६०० मीटरच्या सकाळी एक मुलगा ती पहिल्यांदाच पिऊन गेला होता. धावण्याआधीच त्याचे हात थरथरायला लागले आणि पहिल्या फेरीत त्याला ओकारी झाली. दोन वर्षांची मेहनत होती रे त्याची. परीक्षेच्या दिवशी नवं काहीही पोटात घालायचं नाही, मग ते कितीही चांगलं असो.

तेव्हा आता असं कर. पुढचे चार सराव पेपर सोडवताना शेजारी कोरा कागद ठेव आणि डोकं अडलं की फक्त घड्याळातली वेळ लिही. आदल्या रात्री किती वाजता झोपलास आणि सकाळी काय खाल्लंस, तेही त्याच कागदावर. पहिले दोन भडंग खाऊन, पुढचे दोन फुटाणे-दूध घेऊन. वेळा सुरुवातीच्या निघाल्या, तर तुझं काम आहाराचं नाही. पेपर हातात आल्यावर दोन मिनिटं सावकाश श्वास सोडणं, आणि खोलीत एकट्याने नाही तर अभ्यासिकेत दहा जणांत घड्याळ लावून पेपर सोडवणं, याची सवय करावी लागेल. तेवढ्यानेही धडधड जात नसेल तर समुपदेशकाला भेट, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेळा शेवटच्या तासातल्या निघाल्या, तर न्याहारी आणि झोप यांनी बरंच काम होईल. आणि रात्री दोनपर्यंत वाचणं या आठवड्यापासून बंद. दोन्ही प्रकारांना ते घातकच आहे.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ एवढ्या तीन तपासण्या करून घे. रिपोर्ट आणि तो कागद दोन्ही मला पाठव, मग टायरोसिनचं ठरवू. आणि आई दर पंधरा दिवसांनी एसटीने डबा पाठवते असं लिहिलंयस, तर तिला आजच फोन कर. या खेपेला शेवेच्या जागी किलोभर फुटाणे, आणि मेतकूट करत असेल तर तेही. मेसच्या भातावर दोन चमचे मेतकूट आणि वाटीभर दही, एवढं तुला रात्री कॉटवर बसूनही जमेल.